त्याच हातांच्या कुरडया

माझ्या लाडक्या दोघांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही पार्सल उघडलंत, कुरडयांच्या पिशवीत नाक घातलंत आणि दोघांनी एकदम "ईऽऽ" केलंत. तुमची आई रागावली. मी रागावले नाही. तळल्यावर त्याच कुरडया तुम्ही एकमेकांच्या हातून ओढून खाल्ल्यात, तेही मला फोनमध्ये दिसलं. पण तो "ई" माझ्या कानातून जात नाही, कारण या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत तोच आवाज मोठ्या बायकांच्या तोंडून ऐकला आणि त्यात एका बाईचं नाव जाता जाता राहिलं. राहिलं की नाही, हे मला अजून पुरतं ठरवता आलेलं नाही. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तेव्हा बाबांकडून वाचून घ्या. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले असले तरी ही गोष्ट इंग्रजीत लिहिता येईना. दोनदा लिहून पाहिली आणि दोन्ही वेळा ती फार स्वच्छ झाली.

आत्ताच लिहिण्याला दुसरंही एक कारण आहे, ते शेवटी येईल. मला गोष्टी क्रमाने ठेवायची सवय आहे. तुमचे बाबा त्याला शिस्त म्हणतात, तुमची आई, सून म्हणून, काही म्हणत नाही.

आधी कुरडई. गहू तीन दिवस पाण्यात भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. पाण्यावर फेस येतो, आणि तिसऱ्या दिवशी जो वास सुटतो तो आंबलेला, ओल्या पोत्यासारखा, नाकात ठाण मांडून बसणारा असतो. मंठ्याकडच्या आमच्या गावात उन्हाळ्यात घरोघरी हा वास असायचा आणि आम्ही मुलं नाक धरून त्या पातेल्यांजवळून पळायचो. मग ते गहू वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि सकाळी हिंग-मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात शिजवायचा. शिजता शिजता तो वास कधी जातो ते कुणालाच कळत नाही. मघाशी नाक धरणारी मुलं वाट्या घेऊन बसतात, कारण गरम चीक आणि दूध-साखर यापुढे दुसरं काही नाही. राहिलेला चीक साच्यातून कापडावर पाडून उन्हात वाळवला की झाल्या कुरडया. तेव्हा तुमच्या "ई"मध्ये मला काही वावगं वाटत नाही. आम्हीही म्हणायचो. फक्त आमचा "ई" गव्हाला होता.

इथे नवीन जालन्यात आमच्या गल्लीतल्या बायका आता हे करत नाहीत. कुणी बँकेत जातात, कुणी बियाण्यांच्या कंपनीत, कुणी घरीच असतात पण मनगटं दुखतात. म्हणून मावशी येते. ती माझ्याहून बरीच लहान आहे, पण सगळी गल्ली मावशी म्हणते म्हणून मीही म्हणते. मूळची हसनाबादकडची. नवरा गेल्यावर रेल्वे लाइनच्या पलीकडे खोली घेऊन राहिली. ती काही गरीब गाय नाही. मिश्रीने काळे झालेले दात दाखवून हसते, एका घरची खबर दुसऱ्या घरी पोचवते आणि मीठ जास्त टाकते. सांगायला गेलं तर म्हणते, "काकू, मीठ कमी पडलं तर लोक नावं ठेवतेत. जास्त पडलं तर पाणी पितेत." दर चैत्रात घरोघरचे गहू ज्याच्या त्याच्या पातेल्यात, माझ्या गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत भिजतात. तिथे सावली आहे आणि नळ आहे.

तिचं दुसरंही एक काम आहे. घरातली म्हातारी बाई गेली आणि तिला शेवटची आंघोळ घालायला कुणाचा हात पुढे होईना, की मावशीला फोन जातो. पूर्वी हे लेकी-सुनाच करायच्या. आता लेकी लांब असतात आणि सुनांना होत नाही. मावशी याचे पैसे घेत नाही. लुगडं दिलं तर घेते, आणि ते किती हलकं निघालं हेही नंतर सांगते. हे काम सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नसे.

गेल्या पौषात आमच्या समोरच्या घरातल्या आजी गेल्या. त्यांची सून पन्नाशीची आहे, मला काकू म्हणते. तिला मी इथे समोरचीच म्हणते. अतिशय नीटनेटकी बाई. तिच्या ओट्यावर पाण्याचा थेंब सापडायचा नाही. आजी वर्षभर अंथरुणावर होत्या आणि पाठीला जखमा झाल्या होत्या. मी गेले तेव्हा ती दारात नाकाला पदर लावून उभी होती. रडत होती, आणि ते रडणं खरं होतं. पण पाऊल उंबऱ्याच्या आत पडत नव्हतं.

"मला होत न्हाई हो काकू," ती म्हणाली. "माझा जीव नुसता ढवळून राह्यला."

मावशी आली, तिने पदर खोचला. मी पाणी ओतायला उभी राहिले. त्या खोलीतल्या वासाचं वर्णन करत नाही. माझ्याही घशाशी आलं आणि मी ते गिळलं, एवढं पुरे. मावशी मात्र आजींशी बोलत होती. "आज्जे, हात सैल सोड की माय. आता कुनाला धरून राह्यलीस?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी ऊन हाय का बघा काकू. गार पाणी हिला बिलकुल चालत न्हाई, लई कुरकुर करती." जिवंत माणसाची जखम पुसावी तशी तिने ती पाठ पुसली.

काम आटोपून, अंगावर पाणी घेऊन आम्ही दोघी ओट्यावर बसलो. समोरची मावशीच्या पाया पडायला वाकली. "तुमचे उपकार ह्या जन्मी फिटायचे न्हाईत."

"फेडू नका. चहा सांगा जल्दी, थंडी वाजून राह्यली."

गेलेल्या माणसाच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून चहा कोपऱ्यावरच्या घरातून आला. ती कोपऱ्यावरची म्हणजे गल्लीचं सगळं ठरवणारी बाई. मला कपबशी दिली, मावशीला कागदी कप. मी बघितलं, मावशीनेही बघितलं. तिने चहा संपवला, कप चुरगळला आणि म्हणाली, "बरं झालं. धुवायचं काम न्हाई."

चैत्र आला. नेहमीसारखे गहू भिजले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे वाटायच्या दिवशी, समोरची आपलं पातेलं बघायला गच्चीवर आली. मावशी कोपरापर्यंत हात घालून गहू खळखळून धूत होती. समोरची जिन्याच्या दारात थबकली, तोंडावर हात ठेवला आणि कठड्याकडे धावली. तिथेच ओकली. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. चूळ भरून ती म्हणाली, "काकू, हा तोच वास हाय. सासूबाईंच्या खोलीतला."

मावशीने हात पाण्यातून बाहेर काढले नाहीत. ती तशीच वाकलेली राहिली.

संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर कोपऱ्यावरचीचा संदेश आला. स्वच्छतेच्या दृष्टीने यंदा कुरडया बाहेर न करवता चांगल्या दुकानातून आणाव्यात, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही. खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं चित्र. मुलांनो, मी खोलीतला वास गिळला होता, पण तो गुलाब मला गिळता आला नाही. मी फोन उपडा ठेवला आणि हात धुऊन आले, काही लागलं नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या आपापली पातेली उचलायला वर आल्या. मावशीही आली होती आणि कठड्याला टेकून उभी होती.

"तिसऱ्या दिवशी वास येतोच," मी म्हणाले. "काल चीक काढला नाही म्हणून आणखी वाढलाय. कुरडईचा वासच तो."

"एवढा नसतो काकू," कोपऱ्यावरची म्हणाली.

"तू कधी केल्या आहेस?"

"मी कशाला करू? आमच्याकडं पहिल्यापासून मावशीच करतेत."

मी समोरचीकडे वळले. "आणि तू?"

"आमच्या सासूबाई करायच्या गच्चीवर, मी तिकडं फिरकायची न्हाई," ती म्हणाली आणि खाली बघायला लागली.

म्हणजे त्या घोळक्यातल्या एकीनेही भिजलेल्या गव्हाला कधी तिसऱ्या दिवशी नाक लावलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्या कुरडया खात आल्या, पण हा वास त्यांना नवा होता. आणि नव्या वासाला त्यांनी हाताशी असलेलं एकच कारण लावलं.

मागून कुणीतरी हळूच विचारलं, "पन ती हाय तरी कुनातली?"

मला वाटलंच होतं की हे येणार. इतकी वर्षं तिच्या हातचं खाताना कुणाला हा प्रश्न पडला नव्हता. मावशीची जात मला माहीत आहे. त्यांना सांगितली नाही, तुम्हालाही सांगत नाही.

"आजींना आंघोळ घातली तेव्हा पाणी मी ओतत होते," मी म्हणाले. "माझ्या हातांना वास येतो का? त्यानंतरच्या संक्रांतीला माझ्याकडे तिळगूळ खाल्लात सगळ्यांनी."

"तुमची गोष्ट वेगळी हाय, काकू."

"कशी वेगळी?"

एकीने आपलं पातेलं उचललं. कोपऱ्यावरची म्हणाली, "आता वाद कशाला? ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न हाय." मग मनाचा प्रश्न सोडवायला त्या खाली गेल्या आणि सगळ्यांनी आपापले गहू गल्लीतल्या नालीत ओतले. चैत्रातलं ऊन. ती नाली अशी आंबली की येणारे-जाणारे तोंड फिरवायला लागले. आणि ग्रुपवर काय आलं असेल? "बघा, किती घाण वास होता तो."

समोरचीबद्दल मी पुष्कळ विचार केला, कारण ती वाईट बाई नाही. तिची ओकारी नाटकी नव्हती. पोट खोटं बोलत नाही, पण पोटाला चौकशीही करता येत नाही. आपलं काहीतरी चुकतंय एवढं तिच्या पोटाला कळलं होतं. ज्या सासूने तिला इतकी वर्षं कुरडया खाऊ घातल्या, त्या सासूच्या पाठीला शेवटी सुनेचा हात लागला नाही. ते ओझं घेऊन ती पौषापासून हिंडत होती, आणि ते ओझं रोज डोळ्यांसमोर आणणारी बाई कोण, तर मावशी. ज्याचे उपकार आपल्याला पेलवत नाहीत, त्या माणसाचा आपल्याला वास यायला लागतो. हे मला कळतं. कळलं म्हणून माझी शिसारी कमी झाली नाही. मला त्या गव्हाची, त्या खोलीची, त्या जखमांची एवढी किळस कधीच आली नव्हती जेवढी त्या रिकाम्या, घासून चकचकीत केलेल्या पातेल्यांची आली.

सगळ्या गेल्यावर मावशी कठड्यापाशीच बसली. पहिल्यांदाच तिला विनोद सुचला नाही.

"काकू, ह्या गल्लीनं टाकलं म्हंजे बाकीच्या विचारनार, का टाकलं? मंग शेवया न्हाई, पापड न्हाई, लग्नातलं रुखवत न्हाई. माझ्या हाताला मुडदे तेवढे ऱ्हातेत."

उत्तर शेजारच्या भाभींकडून आलं. त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, पिढ्यान् पिढ्या इथलंच, जैन. भाभी सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नाहीत, आणि कुरडईला त्यांनी जन्मात तोंड लावलेलं नाही. आमच्या दोघींच्या गच्च्या लागून आहेत आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. कठड्यावरून म्हणाल्या, "काकीजी, तीन दिवस भिजवलेलं आमच्यात चालत न्हाई. पण तो कायदा माझ्या तोंडाचा आहे, हिच्या हाताचा न्हाई." मग मावशीला म्हणाल्या, "तुझं इथलं झालं की माझ्याकडं ये. मुगाचे पापड लाटायचेत, सगळ्या खानदानाचे. आणि ती मिश्री धुऊन ये बराबर."

"मिश्री धुते, भाभी. दात काळे ते काळेच ऱ्हातेत," मावशी म्हणाली, आणि मला जरा हायसं वाटलं.

माझे एकटीचे गहू तेवढे राहिले होते. ते आम्ही वाटले आणि पुढच्या दिवशी सकाळी शिजवले. मावशीने वाटीत चीक घालून माझ्यापुढे धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पहिला घास ओठाशी आला तेव्हा मला ती खोली आठवली. जीभ आपसूक मागे गेली. ज्या शिक्षणाचा मी अभिमान बाळगते ते जिभेपर्यंत पोचलेलं नसतं. मी घास घेतला. दुसऱ्या घासाला खोली आठवली नाही, मीठ जास्त लागलं. तसं सांगितलं. "मंग पाणी प्या," मावशी म्हणाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी कदाचित लिहिलीही नसती. पण वैशाखात गल्लीच्या शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई गेल्या. त्यांच्या घरात सून नाही, मुलगी पुण्याहून निघाली होती. दुपारी समोरची माझ्या दारात आली. गच्चीवरच्या त्या सकाळनंतर प्रथमच.

"काकू, मावशीला फोन लावता का? माझा उचलणार न्हाईत त्या."

मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. तिला ते समजलं असावं, कारण ती म्हणाली, "मला कळतंय तुम्ही काय विचार करून राह्यला. पण मढं घरात पडलंय."

फोन लावला. मावशीने सगळं ऐकून घेतलं. तिकडे भाभींच्या नात्यातल्या एका घरात पापडाचं लाटणं वाजत होतं. मग म्हणाली, "येते. मेलेल्याशी माझं काय भांडन? पन पाणी समोरच्या वहिनी ओततील. तुम्ही न्हाई, काकू. त्या असतील तरच मी येते."

मी फोन समोरचीच्या हातात दिला. तिचा चेहरा उतरला. शेवटी ती "बरं" म्हणाली.

त्या दिवशी मी दाराशी उभी होते. समोरची आत गेली, एक तांब्या ओतला आणि परसात जाऊन ओकली. मला वाटलं आता ती घरी जाणार. तिने तोंड धुतलं आणि परत आत आली. मावशी तिच्याकडे न बघता म्हणाली, "बारीक धार धरा वहिनी. डोक्यावरून. हां, अशी." थोड्या वेळाने आतून समोरचीच्या हुंदक्यांचा आवाज आला, आणि त्यात ती कुणाला "आई, आई" म्हणत होती हे मला कळलं. त्या घरातल्या म्हाताऱ्या तिच्या कुणी नव्हत्या.

चहा पुन्हा कोपऱ्यावरच्या घरातून आला. मला कपबशी मिळाली. मावशीला कागदी कप, आणि समोरचीलाही कागदी कप. कोपऱ्यावरची घाईने म्हणाली, "धुवायची कटकट न्हाई ना, म्हणून." समोरची त्या कपाकडे बघतच राहिली, ओल्या केसांतून पाणी गळत होतं तरी.

"घ्या वहिनी," मावशी म्हणाली. "आता आपुन एका कपातल्या."

मला हसू आलं नाही. दहा-बारा घरांची गल्ली, देवधर्म करणारी, शिकलेली, गणपतीला एकत्र आरती म्हणणारी. तिच्या चांगुलपणाचा तळ त्या कपात दिसत होता. मी माझी बशी तशीच खाली ठेवली आणि चहा न पिता घरी आले.

आता ते दुसरं कारण. मीही म्हातारी आहे आणि एक दिवस हे माझंही होईल. तुमच्या आईशी मी परवा फोनवर बोलले. म्हणाले, विमान वेळेवर मिळालं आणि तुम्ही पोचलात, तर पाणी तू ओत. पुसायला मावशी असेल. तुमची आई म्हणाली, "मला जमेल का माहीत नाही, आई. ओकून परत येईन." मला एवढं पुष्कळ आहे. तुम्हा मुलांना पुढे मोठं झाल्यावर एखाद्या माणसाबद्दल "ई" आलं, तर तेवढंच करा. हवं तर ओका, पण परत आत जा.

गल्ली अजून कुरडया दुकानातूनच आणते. समोरची रस्त्यात भेटली तर थांबते, पण गच्चीवर येत नाही. दुसऱ्या दोन गल्ल्यांनीही मावशीला यंदा बोलावलं नाही. भाभींच्या नात्यातल्या चार घरांत तिचे पापड चालू आहेत. मुडद्यासाठी फोन आला तर ती घरच्या एका बाईला पाणी ओतायला लावते, त्याशिवाय येत नाही, आणि लोक आता निमूट ऐकतात. माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात तिच्या हातच्या कुरडया निम्म्या शिल्लक आहेत. जरा खारट आहेत, पण चांगल्या फुलतात.